अमेरिकेत सामाईक जमिनीवर, कमी खर्चात राहायचं असेल तर

अमेरिकेतल्या मराठी घरांत हल्ली एक विचार वरचेवर बोलला जातो. उपनगरातल्या घराचे हप्ते तीस वर्षं फेडत बसण्यापेक्षा चार-पाच कुटुंबांनी मिळून गावाकडे जमीन घ्यावी, साधी घरं बांधावीत, शेतभाजी करावी, मुलं एकत्र वाढवावीत. विचार चांगला आहे आणि नवा नाही. अमेरिकेत अशा वस्त्या पन्नास-साठ वर्षांपासून चालू आहेत. काही मोडल्या, काही अजून भक्कम उभ्या आहेत. त्यांच्या अनुभवावरून नवख्या माणसाला कुठून सुरुवात करता येईल, ते इथे क्रमाने मांडतो.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. अशा ठिकाणी राहणं स्वस्त पडतं ते गावाकडची जमीन स्वस्त असते म्हणून नव्हे. स्वयंपाकघर, गाडी, अवजारं, विहीर या गोष्टी वाटून वापरल्या जातात, आणि जमीन बाजारातून कायमची बाहेर काढलेली असते. त्यामुळे तिच्यावर कुणी नफा कमावत नाही, तुम्हीही नाही. हे मनापासून पटत असेल तर पुढे वाचा. दहा वर्षांनी भाव वाढल्यावर विकून बाहेर पडू असा हिशोब असेल, तर वेगळा प्लॉट घेतलेला बरा.

जमीन बाजारातून बाहेर काढायची ही कल्पना आपल्याला परकी नाही. १९५१ साली तेलंगणातल्या पोचमपल्लीत विनोबांनी भूदान सुरू केलं, त्यातून पुढे ग्रामदान आलं. ‘सबै भूमि गोपाल की’ ही घोषणा आपल्या आजी-आजोबांनी ऐकलेली आहे. ग्रामदानाचा हा विचार रॉबर्ट स्वान या अमेरिकन शांतिवादी कार्यकर्त्यापर्यंत पोहोचला. नागरी हक्क चळवळीतले स्लेटर किंग, चार्ल्स शेरॉड, शर्ली शेरॉड आणि इतरांबरोबर त्याने १९६९ मध्ये जॉर्जिया राज्यात ‘न्यू कम्युनिटीज’ उभी केली. सुमारे ५,७०० एकर जमीन, काळ्या शेतकऱ्यांसाठी, विश्वस्त संस्थेच्या नावावर. आज अमेरिकाभर ज्या संस्थांना ‘कम्युनिटी लँड ट्रस्ट’ म्हणतात, त्यांची ही पहिली. रायगडातल्या गागोद्याला जन्मलेल्या माणसाचा विचार जॉर्जियाच्या लाल मातीत रुजला, याचं मला फार मोल वाटतं. त्या प्रयोगाचं पुढे काय झालं ते कर्जाच्या पायरीवर सांगतो.

पायरी पहिली : आधी व्हिसा बघा

बहुतेक लोक वस्त्या शोधण्यापासून सुरुवात करतात. आपल्या लोकांनी व्हिसापासून करावी.

तुम्ही नागरिक किंवा ग्रीनकार्डधारक असाल तर वाट मोकळी आहे. एच-१बीवर असाल तर तुम्हाला काम फक्त ज्याने तो व्हिसा मिळवून दिला त्या मालकाकडे करता येतं. वस्तीत आठवड्याचे तास भरून त्याबदल्यात खोली आणि जेवण मिळणं, हेही कायद्याच्या नजरेत काम ठरू शकतं. बी-२ पर्यटक व्हिसावर आलेल्यांनाही हेच लागू. ‘पैसे कुठे घेतले?’ हे उत्तर इमिग्रेशनच्या अधिकाऱ्यापुढे चालत नाही. त्यामुळे भारतातून भाचा किंवा मैत्रीण सहा महिने येऊन शेतावर राबेल अशी योजना करू नका. बघायला, पाहुणे म्हणून दोन दिवस राहायला हरकत नाही. त्यापुढे जायचं तर इमिग्रेशन वकिलाचा एक तास विकत घ्या. या सगळ्या उठाठेवीत त्याहून स्वस्त विमा नाही.

आणखी एक मुद्दा सहसा कुणी सांगत नाही. नागरिक झाल्यावर आई-वडिलांना ग्रीनकार्डवर आणायचं असेल तर त्यांच्या पालनपोषणाची हमी द्यावी लागते, आणि त्यासाठी तुमचं उत्पन्न सरकारी दारिद्र्यमर्यादेच्या किमान १२५ टक्के असावं लागतं. सामाईक तिजोरी असलेल्या वस्तीत तुमच्या नावावर दिसणारं उत्पन्न फार थोडं असतं. अशा वेळी मालमत्ता दाखवावी लागते किंवा दुसरा हमीदार आणावा लागतो. आई-बाबांचा विचार असेल तर तो आधी पुरा करा.

जमीन स्वतःच्या नावावर घ्यायची असेल तर एक चांगली बातमी. महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायला शेतकरी असल्याचा पुरावा लागतो, अमेरिकेत लागत नाही. पण १९७८ च्या केंद्रीय कायद्यानुसार, नागरिक किंवा ग्रीनकार्डधारक नसलेल्याने शेतजमीन घेतली तर ९० दिवसांत कृषी खात्याला कळवावं लागतं. दहा वर्षांचा किंवा त्याहून मोठा भाडेपट्टाही यात धरतात. न कळवल्यास दंड जबर असतो. शिवाय काही राज्यांचे स्वतःचे निर्बंध आहेत आणि अलीकडे ते वाढत आहेत. भारतात राहणाऱ्या भावाने भागीदार व्हायचं ठरवलं, तर त्याला रिझर्व्ह बँकेच्या योजनेखाली एका आर्थिक वर्षात २,५०,००० डॉलरपर्यंतच रक्कम बाहेर पाठवता येते.

पायरी दुसरी : कोणत्या प्रकारची वस्ती तुमची?

वरून सगळ्या सारख्याच दिसतात. मोठी बाग, सौर पॅनेल, लांबलचक जेवणाचं टेबल. फरक पैशाच्या व्यवहारात असतो.

पहिला प्रकार सामाईक तिजोरीचा. व्हर्जिनियातल्या लुइझा काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) १९६७ पासून चालू असलेली ‘ट्विन ओक्स’ ही त्यातली सगळ्यांत नावाजलेली. तिथे वैयक्तिक पगार नाही. झुले विणणं, टोफू बनवणं, पुस्तकांच्या सूची तयार करणं अशा धंद्यांतून वस्ती कमावत आली आहे. त्यातून प्रत्येकाचं जेवण, खोली, कपडे, दवाखाना चालतो, आणि वरखर्चाला थोडे पैसे हातात मिळतात. आठवड्याच्या कामाचा कोटा वर्षानुवर्षं ४२ तासांच्या आसपास राहिला आहे. नवख्याला हे ऐकून दडपण येतं. पण स्वयंपाक, भांडी, मुलं सांभाळणं, बाग, गाड्यांची दुरुस्ती, हे सगळं त्या तासांत मोजलं जातं. बाहेर नोकरी करणाऱ्या बाईने आपले ऑफिसचे आणि घरचे तास एकत्र मोजून बघावेत. ते ४२ मध्ये क्वचितच बसतील. घरकामाला कारखान्यातल्या कामाइतकंच मोल देणारी व्यवस्था मला या वस्तीतली सगळ्यांत शिकण्यासारखी गोष्ट वाटते.

त्याच काउंटीत ‘एकॉर्न’ आहे, तिचा बियाण्यांचा धंदा आहे. मिसूरीच्या ओझार्क डोंगरांत ‘ईस्ट विंड’ आहे, ती शेंगदाण्याचं लोणी बनवते. या प्रकारात शिरायला भांडवल लागत नाही. ज्याच्याकडे हात आहेत पण पैसा नाही, त्याच्यासाठी याहून स्वस्त वाट नाही.

दुसरा प्रकार: जमीन ट्रस्टची, घर तुमचं, कमाई तुमची. मिसूरीच्या ईशान्य कोपऱ्यात रटलेज गावाजवळ १९९७ पासून ‘डान्सिंग रॅबिट’ हे इकोव्हिलेज, म्हणजे निसर्गाला जपून राहणाऱ्यांचं गाव, आहे. जमीन २८० एकर, ट्रस्टच्या नावावर. सभासद तिच्यातला तुकडा भाड्याने घेऊन स्वतःचं घर बांधतात. भाड्याचा दर बराच काळ चौरस फुटाला महिना एक सेंट असा होता, म्हणजे अडीच हजार चौरस फुटांच्या तुकड्याला महिना २५ डॉलर. घरं बहुतेक गवताच्या गठ्ठ्यांची, मातीची, जुन्या लाकडाची. खाजगी गाडी ठेवता येत नाही, वस्तीच्या सामाईक गाड्या मागून घ्यायच्या. जेवणासाठी चार-सहा जणांचे गट असतात आणि ते एक स्वयंपाकघर चालवतात. पावसाचं पाणी साठवतात. संडास कोरडे, मैला कुजवून खत करणारे. याची किळस येणार असेल तर आत्ताच कबूल केलेलं बरं.

आपल्या नोकरदार लोकांना हा दुसरा प्रकार जास्त मानवेल असं माझं मत आहे. घरून काम करता येतं, बचत आपली राहते, आणि जमिनीचा बोजा डोक्यावर येत नाही. नॉर्थ कॅरोलायनातलं, डोंगरातलं ‘अर्थहेवन’ साधारण याच जातीचं, १९९४ पासूनचं.

तिसरा प्रकार फारसा चर्चेत नसतो, पण परवडण्याच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. तयार घरं आणून ठेवलेल्या वसाहतींत घर रहिवाशाचं आणि खालची जमीन मालकाची असते. मालक भाडं वाढवत नेतो. १९८४ पासून न्यू हॅम्पशायर राज्यात अशा रहिवाशांनी सहकारी संस्था काढून खालची जमीनच विकत घ्यायला सुरुवात केली, आणि आज देशभर अशा शेकडो वसाहती आहेत. इथे टोफू नाही की योग नाही. साधी माणसं आपल्या पायाखालची जमीन सांभाळतात. ज्यांना शेजार हवा पण सामाईक स्वयंपाक नको, त्यांनी हे जरूर बघावं.

‘कोहाउसिंग’ नावाच्या, म्हणजे स्वतंत्र घरं आणि काही सामाईक जागा असलेल्या, वसाहतीही तुमच्या शोधात येतील. चांगल्या असतात, पण घरं बाजारभावाने विकली जातात. त्या स्वस्त नव्हेत.

वस्त्या शोधायला ‘फाउंडेशन फॉर इंटेन्शनल कम्युनिटी’ या संस्थेची सूची वापरा. राज्य, जमिनीची मालकी, पैशाची पद्धत, आहार अशी चाळणी लावता येते. ‘स्थापना होत आहे’ असं लिहिलेल्या नोंदी नवख्याने सोडून द्याव्यात.

पायरी तिसरी : जाऊन राहा, आणि हिवाळ्यात जा

मोठ्या वस्त्या थेट सभासदत्व देत नाहीत. ट्विन ओक्समध्ये तीन आठवड्यांचा पाहुणा-कार्यक्रम असतो. त्यात तुम्ही सभासदांइतकंच काम करता. नंतर काही दिवस बाहेर जाता, तेवढ्यात सभासद तुमच्याबद्दल मतं देतात. होकार आला तर सहा महिने तात्पुरते सभासद, आणि मग कायमचे. काही वेळा खोली रिकामी नसते, वाट बघावी लागते.

आधी पत्र लिहा, आणि ते नोकरीच्या अर्जासारखं नको. तुम्ही कोण, घरात कोण कोण, हाताने काय काय येतं, काय शिकायचं आहे, काय खात नाही, पैशाची स्थिती काय, हे सरळ लिहा. ‘मी सॉफ्टवेअरमध्ये आहे’ याने फारसं काही होत नाही. ‘वीस माणसांचा वरण-भात, भाजी करू शकतो’ याने होतं. या वस्त्यांत शाकाहारी जेवण सहज मिळतं, पण फोडणीचं मिळणार नाही. मोहरी-हिंगाची डबी बरोबर न्या. स्वयंपाकाची पाळी घ्या, दोन दिवसांत सगळे नावाने ओळखतील.

उन्हाळ्यात सगळ्याच वस्त्या सुंदर दिसतात. मिसूरीतला जानेवारी-फेब्रुवारी मात्र खरं सांगतो. चूल किती वेळा भरावी लागते, अंधारात कोरड्या संडासापर्यंत किती चालावं लागतं, घरात अडकल्यावर माणसं एकमेकांशी कशी बोलतात, हे तेव्हा कळतं. एकच भेट जमणार असेल तर थंडीतली निवडा. वसंतापासून पुढे गवतात गोचीड असतात. रोज रात्री मुलांचं अंग तपासायची सवय लावून घ्या.

राहताना बैठकीला बसू द्या म्हणून विनंती करा. भांडण झालं तर ते कसं मिटतं ते बघा. सोडून गेलेल्या दोन-तीन माणसांचा पत्ता मागा. चांगली वस्ती आढेवेढे न घेता देते.

पायरी चौथी : कागद वाचा, आणि शेवटच्या पानापासून वाचा

आपल्याकडे गृहनिर्माण सोसायटीत मुरलेली माणसं पहिला प्रश्न विचारतात, ‘कन्व्हेयन्स झालं का?’ म्हणजे जमीन संस्थेच्या नावावर आली का. तोच प्रश्न इथेही पहिला. काउंटीच्या नोंदणी कार्यालयात कुणीही जाऊन खरेदीखत बघू शकतो, बहुतेक ठिकाणी संगणकावरही. नाव ट्रस्टचं किंवा संस्थेचं आहे, की संस्थापक जोडप्याचं? संस्थापकाच्या खाजगी नावावर असलेली जमीन ‘आपल्या सगळ्यांची’ नसते, तोंडी कितीही सांगितलं तरी. ते जोडपं वेगळं झालं किंवा त्यांच्यातलं कुणी वारलं, तर वारस येतात आणि बाकीचे सगळे भाडेकरू ठरतात.

मग पोटनियम, सभासदत्वाचा करार, मागच्या तीन वर्षांचे हिशोब आणि वर्षभराची इतिवृत्तं मागा. यात सगळ्यांत आधी बाहेर पडण्याचं कलम वाचा. सोडून जाताना भरलेली रक्कम परत मिळते का? किती वर्षांत? घर स्वतः बांधलं असेल तर ते कुणाला विकता येतं, किंमत कोण ठरवतं? लँड ट्रस्टच्या जमिनीवर सहसा ९९ वर्षांचा पट्टा आणि विक्रीकिमतीचं ठरलेलं सूत्र असतं. घातलेले पैसे आणि थोडी वाढ मिळते, बाजारभाव मिळत नाही. सामाईक तिजोरीच्या वस्तीत आधीची बचत तुमचीच राहते, पण तिथे राहत असताना ती वापरता येत नाही. नवरा-बायकोपैकी एकालाच राहायचं असेल तर काय, हेही विचारा. प्रश्न अवघड वाटतो, पण हे कलम नसलेल्या वस्तीत लहान मुलं घेऊन जाऊ नका.

म्हातारपणाचं बघा. सोशल सिक्युरिटीचं निवृत्तिवेतन मिळायला ४० क्रेडिट, म्हणजे साधारण दहा वर्षांची नोंदलेली कमाई लागते. तुमची ती भरली नसतील तर सामाईक तिजोरीत शिरण्याआधी भरून घेणं शहाणपणाचं.

पायरी पाचवी : कर्ज

न्यू कम्युनिटीजची जमीन त्या काळी देशात काळ्या लोकांच्या ताब्यातल्या सगळ्यांत मोठ्या जमिनींपैकी एक होती. शेती चालली होती, पण जमिनीवर कर्ज होतं. दुष्काळ पडला. आजूबाजूच्या गोऱ्या शेतकऱ्यांना सरकारी आपत्कालीन कर्जं मिळाली, यांना वेळेवर मिळालं नाही. १९८५ मध्ये जमीन गेली. कृषी खात्याने काळ्या शेतकऱ्यांशी भेदभाव केल्याच्या प्रकरणात २००९ साली त्यांना सुमारे १ कोटी २० लाख डॉलर भरपाई मिळाली. त्यातून त्यांनी २०११ मध्ये ऑल्बनी गावाजवळ सोळाशे एकरांहून मोठा मळा घेतला, जो एकेकाळी गुलामांच्या श्रमांवर चालत असे. न्याय मिळाला, पण मधली पंचवीस वर्षं गेली.

अन्याय बाहेरून आला होता हे खरं. तरी नवख्या गटाने यातून एक धडा घ्यावा. राहती घरं ज्या जमिनीवर आहेत ती गहाण ठेवून शेतीधंदा करू नका. जमीन लहान घ्या पण कर्जमुक्त घ्या, किंवा कर्ज इतकं ठेवा की निम्मी कुटुंबं गेली तरी उरलेल्यांना हप्ता झेपेल. तुम्ही आधीपासून चालू असलेल्या वस्तीत जात असाल तर तिच्या हिशोबात ‘मॉर्टगेज’ (जमीन गहाण ठेवून काढलेलं कर्ज) हा शब्द शोधा आणि त्यावर बसून तासभर बोला.

पायरी सहावी : स्वतःच जमीन घ्यायची असेल तर

माझा सल्ला, पहिली दोन-तीन वर्षं घेऊ नका. चालत्या वस्तीत राहा, शिका. तरीही घ्यायचीच असेल तर सही करण्याआधी हे तपासा.

काउंटीच्या झोनिंग कार्यालयात, म्हणजे कोणत्या जमिनीवर काय बांधता येतं हे ठरवणाऱ्या कार्यालयात, विचारा की या तुकड्यावर किती घरं बांधता येतात. वीस एकर असले तरी उत्तर ‘एक’ असू शकतं, आणि पाच कुटुंबांचं स्वप्न तिथेच थांबतं. डान्सिंग रॅबिट मिसूरीत उभं राहिलं त्याचं एक मोठं कारण हेच, की तिथे बांधकामाचे नियम फारसे आड येत नव्हते. मग माती. सांडपाणी जमिनीत मुरतं का हे बघायला ‘पर्क टेस्ट’ करतात. ती नापास झाली तर सेप्टिक टाकीला परवानगी मिळत नाही किंवा महागडी व्यवस्था करावी लागते. पाण्यासाठी शेजारच्या बोअरची खोली विचारा. सार्वजनिक रस्त्यापर्यंत जाण्याचा हक्क खरेदीखतात लिहिलेला हवा. शेजारी आज हसून जाऊ देतो, उद्या त्याने शेत विकलं की नवा मालक फाटक लावतो. जमिनीखालच्या खनिजांचा हक्क वेगळा विकलेला असू शकतो. केंद्र सरकारचे पुराचे नकाशे आणि कृषी खात्याचा मातीचा नकाशा फुकट बघता येतात. ‘टायटल इन्शुरन्स’, म्हणजे जमिनीच्या मालकीत खोट निघाली तर भरपाई देणारा विमा, घ्याच.

एक गोष्ट मनापासून सांगतो. ‘फक्त मराठी लोकांसाठी’ किंवा ‘फक्त शाकाहारी हिंदू कुटुंबांसाठी’ अशी जाहिरात देऊ नका. १९६८ च्या फेअर हाउसिंग कायद्यानुसार धर्म, वंश किंवा मूळ देश बघून घर देणं-नाकारणं हा भेदभाव आहे. सामाईक स्वयंपाकघर शाकाहारी ठेवा, गणपती बसवा, मुलांना मराठी शिकवा, त्याला कुणाची ना नाही. दार मात्र सगळ्यांना उघडं ठेवा. ज्या देशात आपणच दूरून आलो तिथे कुंपण घालून बसणं मला पटत नाही, कायदा नसता तरी पटलं नसतं.

पायरी सातवी : निर्णय कसे होतात

गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावात ग्रामसभा सर्वसहमतीने निर्णय घेते. एकाचा जरी विरोध असला तरी निर्णय थांबतो, पुन्हा चर्चा होते. ते त्यांना साधतं, कारण ग्रामसभेच्या जोडीला अभ्यासगट आहेत. विषय आधी तिथे शांतपणे घोळला जातो, माहिती जमवली जाते. अमेरिकेतल्या अनेक वस्त्यांनी सर्वसहमती घेतली पण अभ्यासाची जोड दिली नाही. मग रात्री अकरापर्यंत बैठका, आणि जो दमत नाही त्याचं चालतं.

ट्विन ओक्सने पहिल्यापासून वेगळी वाट धरली. एका वेळी तीन ‘प्लॅनर’ ठरलेल्या मुदतीसाठी एकूण धोरण बघतात, आणि बाग, गाड्या, स्वयंपाकघर अशा प्रत्येक खात्याला एक व्यवस्थापक असतो. डान्सिंग रॅबिटने संख्या वाढल्यावर बरेचसे निर्णय निवडलेल्या मंडळाकडे दिले. नव्या गटाने सुरुवातीलाच लिहून ठेवावं: कोणत्या गोष्टीला सगळ्यांचा होकार लागेल (नवा सभासद, जमिनीची विक्री, कर्ज) आणि कोणती एकटा माणूस ठरवू शकेल (टोमॅटो कुठे लावायचे). मधलं सगळं बहुमतावर सोडा.

पायरी आठवी : जाताना

राहतं घर लगेच विकू नका, वर्षभर भाड्याने द्या. परत यायला जागा आहे हे माहीत असलं की माणूस वस्तीत निर्धास्तपणे वावरतो, खरं बोलतो. मुलांच्या शाळेचा निर्णय जून संपण्याआधी घ्या, कारण ग्रामीण भागात शाळेची बस कुठपर्यंत येते यावर बरंच अवलंबून असतं. आरोग्यविमा राज्य बदललं की बदलावा लागतो, त्यासाठी साधारण ६० दिवसांची मुदत मिळते. ती चुकवू नका. सर्वांत जवळचं प्रसूतीची सोय असलेलं रुग्णालय किती मैलांवर आहे ते बघून ठेवा, कारण ग्रामीण अमेरिकेत असे विभाग बंद होत चालले आहेत. आणि बँकेत निदान सहा महिन्यांच्या खर्चाची रक्कम वेगळी राहू द्या, वस्तीच्या हिशोबात न मिसळता, स्वतःच्या नावावर.